खत, कंस आणि दुरुस्ती : पेण-रोहे परिसरातील ऋणनोंदीच्या शुद्धीचा इतिहास

१. विषयाची मर्यादा

एखाद्याची पत बिघडली, पुढे ती त्याने सावरली, असे आपण सहज बोलतो. या बोलण्यात पत ही त्या माणसाच्या अंगची वस्तू आहे असे गृहीत धरलेले असते. ऋणव्यवहाराच्या इतिहासाकडे पाहिले असता मात्र असे दिसते की, पत ही ऋणकोपाशी नसून धनकोच्या वहीत असते. माणूस कसा आहे यापेक्षा त्याच्याविषयी काय लिहून ठेवले आहे, यावर त्याला पुढचे कर्ज मिळणे अवलंबून राहते. म्हणून बिघडलेली पत सावरण्याचा प्रश्न हा मुख्यतः नोंदीचा प्रश्न आहे. नोंद कोणी केली, ती ऋणकोला वाचता येते काय, आणि ऋण फिटल्यावर त्या नोंदीचे काय होते, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या काळात जशी दिली गेली, तशी त्या काळातील पतशुद्धीची रीत ठरली.

प्रस्तुत लेखात या रीतींचा मागोवा पेण आणि रोहे या दोन तालुक्यांच्या संदर्भात घ्यावयाचा आहे. पूर्वीच्या कुलाबा व १९८१ पासून रायगड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातील हे दोन तालुके एकमेकांपासून दूर नाहीत. परंतु त्यांच्या अर्थव्यवहाराची लय वेगळी आहे. पेणच्या पश्चिमेस खाडीच्या भरतीपासून बांध घालून राखलेली खारेपाटातील भातशेती आणि मिठागरे, तर शहरात व हमरापूर, जोहे यांसारख्या गावांत गणेशमूर्तींचे कारखाने. रोहे कुंडलिकेच्या काठी वसलेले. तेथे भातशेतीच्या जोडीला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धाटावची औद्योगिक वसाहत आली. एकीकडे हंगामावर येणारे उत्पन्न आणि दुसरीकडे महिन्याच्या महिन्याला मिळणारे वेतन, हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरेल.

२. शब्दांची साक्ष

ऋणव्यवहाराचा मराठी शब्दसंग्रह तीन थरांचा आहे. सर्वांत जुना थर संस्कृत-प्राकृतातून आलेला. 'पत' हा शब्द विश्वास ठेवणे या अर्थाच्या प्राकृत 'पत्तिअ' या धातूशी जोडला जातो. त्याचे मूळ संस्कृत 'प्रति' आणि 'इ' यांच्या संयोगात आहे. हिंदीत याच कुळातील 'पतियाना' हे क्रियापद आहे. हिंदीत पतीसाठी रूढ असलेला 'साख' हा शब्द 'साक्ष्य' यापासून आला. 'सावकार' हा 'साधुकार' याचा वंशज होय. विश्वास, साक्ष आणि साधुत्व या तीन नैतिक कल्पनांतून हा थर घडला आहे. त्यात आकडा कोठेही नाही.

दुसरा थर फार्सी-अरबीचा. 'कर्ज', 'खत', 'वसूल', 'बाकी', 'जामीन', 'नादार' हे शब्द दफ्तराबरोबर आले. 'खत' म्हणजे मुळात रेघ, लेखन. तोच शब्द कर्जरोख्यास लागला. याच थरात ऋण संपल्याचे सांगणारे दोन शब्द आहेत, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ते सर्वांत बोलके आहेत. एक 'बेबाक', म्हणजे ज्यात बाकी उरली नाही असा. दुसरा 'फारखत', म्हणजे मोकळे केल्याचा लेख. धनकोने ऋणकोस लिहून द्यावयाची मुक्ततेची चिठ्ठी हा फारखतीचा एक मुख्य अर्थ होता. आज बोलीभाषेत 'फारकत' या रूपाने तो शब्द केवळ पतिपत्नींच्या विभक्त होण्यापुरता उरला आहे. शब्दाचा एक अर्थ टिकला आणि दुसरा लोपला, यामागे समाजव्यवहारातील बदल असतो. ऋणको आणि धनको यांचा संबंध एका कागदाने कायमचा तुटतो, ही कल्पनाच व्यवहारातून ओसरू लागली, हे या लोपाचे एक कारण असावे, असे मला वाटते.

तिसरा थर इंग्रजी अमदानीनंतरचा : बँक, पासबुक, हप्ता, थकबाकी, आणि आता क्रेडिट स्कोअर. यांपैकी 'हप्ता' हा फार्सी शब्द मुळात सात दिवसांच्या अवधीचा वाचक. परंतु आज तो मासिक देण्याचा वाचक झाला आहे. 'कूळ' या देशी व्यवहारातील शब्दाचीही दखल येथेच घेतली पाहिजे. जमीन कसणारा तो कूळ, आणि सावकाराचा देणेकरी तोही कूळ. कोकणात एकच मनुष्य बहुधा एकाच घराचा दोन्ही प्रकारे बांधील असे. तेव्हा शब्दानेही त्यांत भेद केला नाही.

३. खताची पाठ

प्राचीन धर्मशास्त्राने ऋणनोंदीच्या प्रश्नाचा विचार किती बारकाईने केला होता हे याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात दिसते. अंशतः फेड केली तर ती रक्कम खताच्या पाठीवर लिहावी, अथवा धनकोने स्वहस्ताची खूण असलेली पावती द्यावी. संपूर्ण फेड झाल्यावर ते खत फाडावे, किंवा शुद्धीसाठी दुसरा लेख करून घ्यावा. साक्षीदारांसमोर घेतलेले ऋण साक्षीदारांसमोरच फेडावे, असा त्यातील विधीचा आशय आहे. येथे 'शुद्धी' हा शब्द योजला आहे याकडे लक्ष वेधावेसे वाटते. ऋण ही एक अशुद्धी, आणि ती जाण्यासाठी पैसा देणे पुरेसे नाही. त्या दिल्याचा लेखी पुरावा तितक्याच प्रतिष्ठेचा हवा, हा विचार त्यात आहे. खताच्या पुढच्या बाजूस धनकोचा हक्क, आणि पाठीवर ऋणकोची इमानदारी, अशी ही दुहेरी नोंद होती.

एकोणिसाव्या शतकात ही पाठ पुसली गेली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खतावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. उद्देश ऋणकोच्या हिताचा होता; परिणाम उलट झाला. मुदत संपण्यापूर्वी सावकार मुद्दल व थकलेले व्याज एकत्र करून नवे खत लिहून घेई. नव्या खतात पूर्वीचे व्याज मुद्दल बनून येई आणि जुन्या खताबरोबर त्याच्या पाठीवरील फेडीच्या नोंदी नाहीशा होत. शेतकऱ्याने दहा वर्षे काय दिले याचा मागमूस नव्या कागदावर राहत नसे. दामदुपटीच्या नियमाने व्याज मुद्दलापेक्षा अधिक मागता येत नसे हे खरे. पण दर तीन वर्षांनी मुद्दलच नवे होत असल्यास त्या नियमाचा आधार कितीसा उरणार? शिवाय ही खते मोडीत, आणि वह्या पुष्कळदा गुजराती वा मारवाडी व्यापाऱ्यांच्या लिपीत. अंगठा उठवणारास त्यांतील एक अक्षर कळत नसे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे जो उठाव झाला आणि पुढे पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला, त्याचे स्वरूप या पार्श्वभूमीवर नीट कळते. जमावाचे मुख्य लक्ष्य सावकाराचा पैसा वा देह यांपेक्षा त्याचे कागद हे होते. खते मिळवावी आणि जाळावी, हा त्यांचा क्रम होता. स्मृतीने फेडीनंतर विधिपूर्वक करावयास सांगितलेली कृती, म्हणजे खताचा नाश, ती येथे फेडीवाचून आणि बळाने घडली. तिला दंगा म्हणणे कायद्याने बरोबरच; परंतु जाळणाऱ्यांना आपल्या विपत्तीचे मूळ कोठे आहे याचे अचूक ज्ञान होते, हेही मान्य करावे लागेल.

या उठावाच्या चौकशीतून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या दुःखनिवारणाचा कायदा निघाला. आरंभी तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांनाच लागू होता. विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्यातील तरतुदींचा विस्तार इलाख्याच्या इतर भागांत झाला. त्या कायद्याचे दोन विशेष आपल्या विषयाशी थेट निगडित आहेत. पहिला असा की, न्यायालयाने केवळ खतावर न थांबता खतामागील व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा, असे त्याने ठरविले; म्हणजेच पुसलेली पाठ पुन्हा वाचण्याचे काम न्यायालयाकडे आले. दुसरा असा की, शेतकऱ्यास प्रत्येक भरण्याची लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि मागितल्यास पासबुक मिळण्याचा हक्क त्याने दिला. आपल्याविषयी काय लिहिले आहे ते पाहण्याचा ऋणकोचा हक्क आपल्या प्रदेशात कायद्याच्या भाषेत इतक्या स्पष्टपणे येथे अवतरला. तो हक्क व्यवहारात कितीजणांनी बजावला हा भाग वेगळा. ज्याला पुढल्या पेरणीस पुन्हा त्याच दारी जावयाचे आहे, तो पावतीसाठी हट्ट धरीत नाही.

याच संदर्भात १८६६ च्या मुंबईच्या हिंदू वारसांसंबंधीच्या कायद्याचा उल्लेख केला पाहिजे. त्यापूर्वी वडिलांचे ऋण पुत्रावर, वारशाने काही आलेले नसले तरी, लादले जाई. त्या कायद्याने वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरती सीमित केली. बिघडलेली पत रक्ताबरोबर उतरू नये हे तत्त्व तेव्हापासून कायद्यात आले.

४. बोजा आणि कंस

खत हा दोघांमधील खासगी कागद. ऋणाची सार्वजनिक नोंद गावाच्या दफ्तरात येऊ लागली ती १९०३ च्या हक्कनोंदणीच्या कायद्यानंतर. पुढे सात-बाराच्या उताऱ्यात 'इतर हक्क' या सदराखाली जमिनीवरील कर्जाचा 'बोजा' चढू लागला. हा शब्द तलाठ्याच्या दफ्तरातून लोकभाषेत इतका रुळला की, पेणच्या खारेपाटात वा रोह्याच्या खेड्यांत 'सातबारा कोरा आहे' एवढे म्हटले की त्या माणसाच्या पतीचे वर्णन पुरे होते.

या नोंदीच्या शुद्धीची रीत अद्याप चालू आहे, आणि ती अभ्यासण्याजोगी आहे. कर्ज फिटल्यावर बँकेकडून वा सोसायटीकडून 'बेबाकी दाखला' घ्यावयाचा, तो तलाठ्याकडे द्यावयाचा, त्यावरून फेरफार नोंदविला जातो आणि बोजा कमी होतो. हाती लिहिलेल्या उताऱ्यांवर रद्द झालेली नोंद खोडली जात नसे. तिला कंस केला जाई. 'नावाला कंस केला' हा महसुली वाक्प्रचार त्यातूनच आला. कंसातील मजकूर वाचता येतो, पण त्याचे बळ गेलेले असते. स्मृतीतील फाडण्याच्या रीतीहून ही रीत मूलतः भिन्न आहे. येथे गतकाल नष्ट होत नाही. तो गतकाल आहे असे चिन्ह त्यावर केले जाते. ऋण फिटल्यानंतरही त्याची स्मृती सार्वजनिक दफ्तरात राहू शकते, हा विचार सात-बाराने लोकांच्या अंगवळणी पाडला. अनुभव असा की, पुष्कळजण कर्ज फेडतात, दाखलाही घेतात, आणि फेरफाराची पायरी विसरतात. मग वर्षांनी, मुलीच्या लग्नासाठी वा वाटणीच्या वेळी उतारा काढला म्हणजे आजोबांच्या नावचा बोजा तसाच उभा असलेला आढळतो.

सात-बारावर नाव लागणे हीच कोकणातील कुळाच्या पतीची पहिली अट होती. खोती गावांत कसणाऱ्याचे नाव कागदावर नसे. म्हणून त्याला तारण नाही, आणि तारण नाही म्हणून खोत अथवा सावकार यांवाचून दुसरा धनको नाही. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप जवळजवळ सहा वर्षे चालला. त्यामागील मागण्या खंडाच्या होत्या तितक्याच नोंदीच्याही होत्या, असे म्हणता येईल. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. १९४९ च्या कायद्याने खोती संपली. आणि कूळकायद्यान्वये १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कुळास मालकीचा मार्ग मोकळा झाला. त्याबरोबर 'कूळ' या शब्दाचे दोन अर्थही एकमेकांपासून सुटू लागले.

५. माफी ही फेड नव्हे

शासनाने ऋण हलके करावे वा संपवावे, ही तिसरी रीत. मुंबई इलाख्यातील १९३९ चा व त्यानंतरचा १९४७ चा शेतकरी ऋणको साहाय्य कायदा यांनी ऋणाची तडजोड करण्याची यंत्रणा उभी केली. ऋणकोची फेडण्याची शक्ती पाहून रक्कम कमी करणे आणि विहित मुदतीत न मांडलेले ऋण नष्ट झाले असे मानणे, ही तिची दोन साधने होत. १९७५-७६ च्या महाराष्ट्र ऋणमुक्ती कायद्याने अत्यल्प भूधारक, ग्रामीण कारागीर व मजूर यांची सावकारी कर्जे संपविली. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये तो वैध ठरविला. पेण व रोहे तालुक्यांतील कातकरी आणि ठाकूर या समाजांच्या दृष्टीने तो आणि १९७६ चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा हे महत्त्वाचे टप्पे होते. तथापि वीटभट्टीच्या हंगामासाठी घेतली जाणारी 'उचल' मुकादमाच्या वहीतच राहते. ती कोणत्याही संस्थेच्या नोंदीत येत नाही, आणि ती फेडल्याचे श्रेयही कोठे जमा होत नाही.

या कायद्यांनी ऋण नाहीसे केले. पत निर्माण केली नाही. ऋण संपणे आणि विश्वास जमणे या दोन भिन्न क्रिया आहेत. फेडीतून विश्वास जमतो, कारण तिच्यामागे ऋणकोची कृती असते. माफीत ती नसते. माफी अन्याय्य आहे असे येथे सुचवावयाचे नाही. अन्यायाने वाढविलेले ऋण माफ करणे हा न्यायच होय. मात्र त्यानंतर पुढचे कर्ज कोण देणार, हा प्रश्न उरतोच.

त्याचे उत्तर म्हणून सहकाराकडे पाहिले गेले. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांचा पाया घातला, तो शेजाऱ्याला शेजाऱ्याची माहिती असते या गृहीतावर. पण त्या गृहीताचा विस्तार किती मंद झाला हे अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने दाखवून दिले. १९५१-५२ च्या स्थितीवर आधारलेला तिचा अहवाल १९५४ मध्ये गोरवाला समितीने सादर केला. त्यानुसार शेतकऱ्यांच्या कर्जउभारणीत सहकारी संस्थांचा वाटा सुमारे तीन टक्के आणि सावकारांचा सुमारे सत्तर टक्के होता. ही पाहणी रिझर्व्ह बँकेने करविली होती. त्या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर (१९४३ ते १९४९) चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे याच रोहे परिसराशी नाते असलेले. ज्या मुलखात पत म्हणजे सावकाराची वही, त्याच मुलखाशी संबंधित पुरुष देशाच्या पतव्यवस्थेच्या शिखरस्थानी बसला, हा योगायोग नोंदण्याजोगा आहे.

६. न फाटणारी वही

माणसाच्या पतीची माहिती त्रयस्थाने गोळा करून ती मोबदला घेऊन पुरवावी, ही कल्पना न्यूयॉर्कमध्ये १८४१ साली लुई टॅपन याने व्यापाऱ्यांसाठी काढलेल्या पेढीतून पुढे आली. व्यक्तीला त्या माहितीविषयी हक्क देणारा अमेरिकन कायदा १९७० चा. आपल्याकडे सिबिल ही संस्था २००० साली मुंबईत स्थापन झाली. पतमाहिती कंपन्यांच्या नियमनाचा कायदा २००५ चा, आणि तो अमलात आला डिसेंबर २००६ मध्ये. पुढे ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या या क्षेत्रात आल्या. त्यांच्या अहवालात प्रत्येक कर्जाचा महिनावार इतिहास असतो आणि त्यावरून ३०० ते ९०० या दरम्यानचा गुणांक काढला जातो.

या वहीचे वैशिष्ट्य असे की, ऋण फिटले तरी नोंद जात नाही. ही माहिती किमान सात वर्षे राखली जावी असा नियम आहे. खत फाडण्याची सोय येथे नाही. कंसाला जवळची अशी एक सोय मात्र आहे, ती खात्याच्या स्थितीचा शेरा ही होय. पूर्ण फेड झालेले खाते 'क्लोज्ड', काही रक्कम सोडून मिटविलेले 'सेटल्ड', आणि बँकेने वसुलीची आशा सोडून हिशेबातून वगळलेले 'रिटन ऑफ'. मराठीत तिन्हींना आपण 'खाते मिटले' असेच म्हणतो, आणि घोटाळा तेथेच होतो. वसुली करणारा 'अमुक भरा, प्रकरण मिटवून टाकू' म्हणतो. ऋणको ते भरतो आणि आपण बेबाक झालो असे समजतो. अहवालात मात्र 'सेटल्ड' म्हणजे 'तडजोड' लिहिले जाते, आणि पुढचा धनको त्याचा अर्थ 'पूर्ण फेडले नाही' असा घेतो. जुन्या परिभाषेत सांगावयाचे तर, त्याला पावती मिळाली, फारखत मिळाली नाही. अशा वेळी उरलेली रक्कम भरून, बेबाकीचा दाखला घेऊन, खाते पूर्ण फेडीने बंद झाल्याची नोंद संबंधित बँकेकडून कळविली जाईल असे पाहणे, हा शुद्धीचा मार्ग होय.

चुकीच्या नोंदीची गोष्ट निराळी. येथे १८७९ च्या कायद्याचा वारसा स्पष्ट दिसतो. आपला अहवाल मागण्याचा आणि त्यातील चूक दुरुस्त करून घेण्याचा हक्क २००५ च्या कायद्याने दिला. २०१७ पासून वर्षातून एक संपूर्ण अहवाल प्रत्येक कंपनीकडून विनामूल्य मिळू लागला. सप्टेंबर २०२२ पासून या कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेत आल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने ठरविले की, तक्रार तीस दिवसांत निकालात न निघाल्यास पुढील प्रत्येक दिवसास शंभर रुपये भरपाई तक्रारदारास द्यावी; ही व्यवस्था एप्रिल २०२४ पासून लागू झाली. जानेवारी २०२५ पासून बँकांनी माहिती महिन्याऐवजी पंधरवड्याने कळवावी असे ठरले, त्यामुळे केलेली फेड अहवालात लवकर उतरणे शक्य झाले. हे सर्व हक्क चुकीच्या नोंदीपुरते आहेत. खरी पण प्रतिकूल नोंद मोबदला घेऊन पुसून देऊ, असे सांगणारे मध्यस्थ जे आश्वासन देतात त्याला कायद्यात आधार नाही. खऱ्या नोंदीवर उपाय एकच : तिच्यापुढे नियमित फेडीच्या नव्या नोंदी साठत जाणे.

आता आरंभी सांगितलेला लयीचा भेद पाहा. धाटावच्या कारखान्यातील कामगाराचे वेतन महिन्याचे आणि हप्ताही महिन्याचा. या दोहोंचे माप जुळते. पेणच्या मूर्तिकाराचे तसे नाही. माती, रंग आणि मजुरी यांचा खर्च वर्षभर चालतो. पैसा येतो तो भाद्रपदाच्या सुमारास. सुगीवर फेड ही कोकणातील जुनी रीत त्याच्या धंद्याला साजेशी होती. मासिक हप्त्याचे कर्ज त्याने घेतले तर तो चैत्र-वैशाखात थकबाकीदार ठरतो आणि आश्विनात सर्व रक्कम चुकती करूनही मागील विलंबाच्या नोंदी उरतात. या मनुष्याचे वर्तन अप्रामाणिक नाही. त्याचे पंचांग आणि बँकेचे पंचांग वेगळे आहे. त्यावरील उपाय कर्ज घेतानाच हवा, म्हणजे हंगामाशी जुळणारी परतफेड लिहून घेणे. नोंद झाल्यावर तो उपाय राहत नाही.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. २००५ च्या कायद्यातील ऋणदात्या संस्थांच्या व्याख्येत बँका, सहकारी बँका, बिगर बँकिंग वित्तीय कंपन्या, गृहवित्त संस्था इत्यादी येतात. गावातील सहकारी पतपेढी तीत नावाने येत नाही. ज्याने वीस वर्षे पतपेढीचे कर्ज घेतले आणि वेळेवर फेडले, त्याची पत पेठेत सर्वश्रुत असते. तरी नव्या वहीत त्याचा इतिहास कोरा राहू शकतो. आणि कोरा सातबारा हे जसे पतीचे लक्षण, तसा कोरा पत-अहवाल नव्हे. केवळ पूर्वेतिहास नाही म्हणून प्रथम कर्ज मागणाऱ्यास नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना २०२५ मध्ये सांगितले, ते या विसंगतीची जाणीव असल्यामुळेच. शेजाऱ्याची साक्ष आणि त्रयस्थाची नोंद यांमधील हा दुवा अद्याप जुळावयाचा आहे.

७. पेणचा धडा

सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेच्या व्यवहारांवर निर्बंध घातले. सुमारे दोन लाख ठेवीदारांचे पैसे अडकले; त्यांत शेतकरी, मूर्तिकार, निवृत्त शिक्षक, मोलमजुरी करणारे असे सर्व थरांतील लोक होते. बनावट कर्जखात्यांद्वारे बँकेतील पैसा बाहेर नेला गेला, हा त्या प्रकरणाच्या तपासातील मुख्य आरोप होता. या घटनेचा विचार बहुधा ठेवींच्या अंगाने होतो. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने तिच्यात एक वेगळीच उलथापालथ दिसते. शतकानुशतके वही धनकोच्या हाती होती आणि नाव ऋणकोचे बिघडत असे. येथे ठेवीदार हाच धनको. वही त्याच्या हाती नव्हती, आणि तिच्यातील कर्जखाती खरी की खोटी हे त्याला कळण्याची सोय नव्हती. ज्यांनी कधी कर्ज काढले नाही, त्यांचेच या वहीने नुकसान केले.

या धड्याने पतशुद्धीच्या कल्पनेस एक अंग जोडले आहे. नोंद पाहण्याचा हक्क हा केवळ थकबाकीदाराच्या सोयीचा नाही. आपल्या नावे कोणी खाते उघडले आहे काय, हे ज्याने कधी कर्ज घेतले नाही त्यानेही वर्षातून एकदा पाहिले पाहिजे; आणि ज्या संस्थेत आपण पैसा ठेवतो तिची वही सभासद म्हणून मागण्याचा आग्रहही धरला पाहिजे.

या इतिहासातून तीन रीतींचा क्रम हाती येतो : खत फाडणे, नोंदीला कंस करणे, आणि नोंद दुरुस्त करून तिच्यापुढे नवी नोंद लिहिणे. पहिल्या रीतीत विस्मरण आहे, दुसरीत चिन्हांकित स्मरण, आणि तिसरीत अखंड स्मरण. वही जितकी टिकाऊ होत गेली, तितका ती वाचण्याचा हक्क अधिक मोलाचा होत गेला. सुप्याच्या जमावाला वही वाचता आली नाही म्हणून त्याने ती जाळली. आजची वही जाळता येत नाही. पण ती मागता येते, वाचता येते आणि तिच्यात जे असत्य आहे त्याचे उत्तर मागता येते. मात्र तिची भाषा इंग्रजी आहे. 'सेटल्ड' आणि 'क्लोज्ड' यांतील अंतर ज्याला मराठीत कोणी सांगितले नाही, त्याची स्थिती मोडी खताखाली अंगठा उठवणाऱ्या त्याच्या पणजोबाहून फारशी निराळी नाही. 'बेबाक', 'फारखत', 'तडजोड', 'बुडीत' हे नेमके भेद दाखविणारे शब्द आपल्यापाशी आहेत. ते या नव्या वहीत आणणे हे भाषेच्या अभ्यासकांचे काम आहे, आणि ते पारिभाषिक कोशापुरते ठेवण्यासारखे नाही. पेणच्या वा रोह्याच्या बँकेत ज्याला कागदावर सही करावयाची आहे, त्याच्यापर्यंत ते पोहोचले पाहिजे.